मध्यप्रांत व मावसाजी

शुक्रवार, पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस रोजी सकाळी, ध्वजवंदन आटोपल्यावर, माझ्या मावसाजींनी बाभुळखेडच्या नायब तहसीलदार कचेरीसमोरचा एक लाकडी खांब उपटून नेला. खांब सरकारी होता. मावसाजी वकील होते. खांब उपटताना त्यांच्या अंगावर काळा कोट होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत उतरवला नाही. मी तेथे हजर होतो, कारण अमरावतीच्या ज्या साप्ताहिकात मी नोकरीला होतो त्याने मला एखाद्या लहान गावातल्या पहिल्या स्वातंत्र्यदिनाचा वृत्तान्त आणायला सांगितले होते आणि गाव निवडण्याची मोकळीक दिली होती.

वऱ्हाडात रागीट माणसांची वानवा कधीच नव्हती, पण मावसाजींसारखा पूर्णवेळ रागावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. इतर लोक सकाळी उठतात, मग त्यांना कशाचा तरी राग येतो. मावसाजींना आधी राग येई आणि त्याने त्यांना जाग येई. चहा गरम असला तर तोंड भाजते म्हणून, कोमट असला तर मेला आहे म्हणून आणि अगदी बेताचा असला तर आज यात काहीतरी लपवले आहे म्हणून ते रागावत. छत्री बारा महिने हातात असे, पण ती त्यांनी उघडलेली मला आठवत नाही. भर पावसात ते मिटलेली छत्री घेऊन भिजत जात. मी एकदा कारण विचारले तर म्हणाले, "उघडली छत्री कोनावर रोखता येते काय रे, पेपरवाल्या?" मला ते माझ्या नावाने हाक मारत नसत. वर्तमानपत्रात लागलो त्या दिवसापासून मी पेपरवाला होतो आणि वर्तमानपत्रांवरचा त्यांचा सगळा राग मला व्यक्तिशः मिळत असे. माझी मावशी या सगळ्याला इतकी सरावली होती की आवाजावरून ती त्यांची तब्येत ओळखे. ओरडत असले म्हणजे बरे आहेत, जेवायला वाढायचे. गप्प बसले तर मात्र ती कपाळाला हात लावून पाही.

त्यांचा सर्वांत जुना आणि सर्वांत पवित्र राग एका अक्षरावर होता. आमच्या प्रांताचे नाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. लोक कंटाळा करतात आणि नुसते 'मध्यप्रांत' किंवा 'सी. पी.' म्हणतात. मावसाजींच्या मते त्या गाळलेल्या 'व'मध्ये वऱ्हाडची सगळी दुर्दशा होती. कापूस आमचा, राजधानी नागपूर, आणि नावातही आम्ही शेपटासारखे मागे जोडलेले. तेवढे शेपूटही कोणी कापले की ते खवळत. ज्या पाकिटावर पत्त्यात नुसते 'सी. पी.' असे ते पाकीट न फोडता परत जाई आणि त्यावर लाल शाईने शेरा असे: 'या नावाच्या मुलखाचा वऱ्हाडाशी संबंध नाही.' अशी परत आलेली पत्रे अमरावतीला आमच्या राजापेठेतल्या घरी कितीतरी पडली होती, कारण माझी आई पत्ता घाईने लिही. माझ्या थोरल्या मुलाच्या बारशाचे पत्र असेच परत आले. मावशीला नातू झाल्याचे कळले तेव्हा तो भिंत धरून चालत होता.

पुण्याहून नवा आलेला एक शाळा तपासनीस एकदा मावसाजींच्या ओट्यावर चहाला बसला होता. बोलता बोलता मावसाजी म्हणाले, "मले हे पटत नाही." पाहुण्याने हसून, अगदी सहज, "मला" असे दुरुस्त केले. मावसाजींनी कप खाली ठेवला. "तुमाले पटत नसंल तर वेगळं. पन मी मह्याबद्दल बोलून राहिलो." पाहुण्याला विनोद कळला नाही. तो पुन्हा म्हणाला, "नाही, म्हणजे 'मले' नव्हे, 'मला'." त्यानंतर मावसाजी त्याला छत्रीच्या टोकाने अकोट कुठल्या दिशेला, परतवाडा कुठल्या दिशेला, आणि पुण्याची गाडी कोणत्या स्टेशनातून मिळते हे समजावून देत होते. कोर्टातसुद्धा ते याच बोलीत बोलत. इंग्रज अधिकाऱ्यासमोर इंग्रजी बोलत, पण तेही असे की साहेबाला आपल्याला वऱ्हाडीत 'काहून', म्हणजे 'का', विचारले आहे असे वाटावे.

कोर्टातला त्यांचा खास राग 'तारीख' या शब्दावर होता. दोन्ही बाजू हजर, साक्षीदार हजर, आणि तरी वकील उठून पुढची तारीख मागतो, कारण अशील जितका हेलपाटे घालील तितकी वकिलाची चूल पेटते, हे त्यांना सहन होत नसे. "तारीख मांगनं म्हन्जे मानसाच्या आयुष्यातून दिवस चोरनं," असे ते भर कोर्टात समोरच्या वकिलाला सुनावत. स्वतः त्यांनी सगळ्या वकिलीत एकदाही तारीख मागितली नव्हती. सासरा वारला त्या दिवशीही ते उलटतपासणी पुरी करून मग गेले. घरात हा शब्द उच्चारायची बंदी होती. मावशी कॅलेंडरासमोर उभी राहून "आज कितवा आहे हो?" असे विचारी.

या माणसाला मित्र असेल असे कोणाला वाटणार नाही. त्यांना एक होता. गावातल्या उर्दू शाळेचे, निवृत्त झाले तरी शाळा न सुटलेले हेडमास्तर, ज्यांना सारे गाव मास्टरसाहेब म्हणे, ते मावसाजींचे लहानपणापासूनचे सोबती. मृदू, सडपातळ, दाढी नीट कातरलेली. त्यांचा आवाज मावसाजींच्या आवाजाच्या सावलीत वाढलेला होता. रोज संध्याकाळी ते ओट्यावर येत. मावसाजींकडे मराठी पेपर, त्यांच्याकडे उर्दू. एकाने बातमी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती खोटी कशी ते सांगायचे. दिवेलागणीला दोघांचेही पेपर खोटे ठरत आणि मास्टरसाहेब घरी जात. चारचौघांत मास्टरसाहेब "वकीलसाब, तुमी" म्हणत. मावसाजी त्यांना चारचौघांतही "काबे मास्टर" म्हणत.

आता खांबाचे सांगतो. या हकिकतीपूर्वी काही वर्षे इंग्रज सरकार आणि हैदराबादचे निजाम सरकार यांच्यात वऱ्हाडबद्दल नवा करार झाला होता. वऱ्हाड मालकीने हैदराबादचे, कारभाराने इंग्रजांचे, असा जुना घोळ त्यात नव्याने मान्य झाला आणि ठरले की समारंभाच्या दिवशी सरकारी इमारतीवर दोघांचीही निशाणे लागावीत. बाभुळखेडच्या कचेरीसमोर एक खांब होता. शेजारी दुसरा रोवण्यात आला. मावसाजींनी त्याच आठवड्यात त्याविरुद्ध अर्ज केला. "मालक एक, वहिवाटदार दुसरा, अन् आमी कोन? कूळ? आमाले कोनं इचारलं?" अर्जाला उत्तर आले नाही, म्हणून ते रोज सकाळी फिरायला जाताना स्वतःच खांबाला जाब विचारत. आवारात शिरून दुसऱ्या खांबावर छत्रीचा एक फटका मारायचा, "अजून उभाच हायेस काबे?" म्हणायचे आणि पुढे जायचे. पट्टेवाले त्यावर घड्याळ लावत. मास्टरसाहेबांना एकदा कोणीतरी खोचून विचारले की या खांबाबद्दल आपले काय मत. ते म्हणाले, "बाप्पा, ज्याच्यावर माहे शागिर्द पतंग अडकवतात, तेवढीच त्या खांबाची अन् माही ओळख."

त्या उन्हाळ्यात ही ओळख गावाने वाढवली. जूनमध्ये मी चार दिवस तिथे होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिले तेवढे आधी लिहितो. बाजारात मास्टरसाहेब भाजी घ्यायला उभे राहिले की पानठेल्यावरची चार-पाच तरुण मंडळी विचारीत, "मास्टर, मंग कवा निघता?" विचारणाऱ्यांपैकी एकाला मास्टरसाहेबांनी फुकट इंग्रजी शिकवले होते. त्याचा प्रश्न सर्वांत मोठ्याने असे. जवळ उभे असलेले प्रतिष्ठित व्यापारी हसत नसत, पण तराजूही थांबवत नसत. मास्टरसाहेबांची मुलगी हैदराबादेत दिलेली होती, जावई तिथे नोकरीत होता. इकडे या म्हणून तिचा निरोप येत होता. जुलैत, हे मावशीने पुढे सांगितले, मास्टरसाहेबांनी लोखंडी ट्रंक उतरवली, कपडे भरले आणि ती दाराशी आणून ठेवली. रमजान चालू होता. ईद झाली की निघायचे असे ठरले. मावसाजी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, त्यांनी ट्रंक पाहिली, काही न बोलता घरी आले आणि गप्प झाले. दोन आठवडे ते ओरडले नाहीत. मावशीने माझ्या आईला पत्र लिहिले, 'यांची तब्येत मला ठीक दिसत नाही. पोराला पाठव.' म्हणून मी वृत्तान्तासाठी बाभुळखेड निवडले.

मी परतवाड्याहून सर्व्हिस मोटारीने पोचलो तो दिवस चौदा तारखेचा. मावसाजी ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, "बस." राजापेठेची, माझ्या साप्ताहिकाची किंवा माझ्या जन्माची काहीच निंदा झाली नाही. मीही घाबरलो. मावशी आतून म्हणाली, "पाह्यलं ना? असंच चाललं हाय." तेवढ्यात मास्टरसाहेब आले. रोजा असल्यामुळे चेहरा उतरला होता. त्यांनी पेपर उघडला, बातमी वाचली. मावसाजींनी ती खोटी आहे असे म्हटले नाही. मास्टरसाहेबांनी थोडी वाट पाहिली आणि पेपराची घडी घातली. "वकीलसाब, उद्या येता ना झेंड्याले?"

"तू येते का?"

"काहून नाही? शाळेची पोरं घेऊन येतो."

"अन् सोमवारी ईद. मंगळवारी मोटार," मावसाजी म्हणाले. "मोठा कार्यक्रम हाय तुहा."

मास्टरसाहेबांनी पेपर बगलेत मारला आणि ते उठले.

सकाळी पाऊस उघडला होता, पण आवारातली काळी माती चपलांना सोडत नव्हती. प्रभातफेरी आली, बँड आला, बुंदीच्या लाडवांच्या पाट्या आल्या. पहिल्या खांबावर तिरंगा बांधून तयार होता. दुसऱ्या खांबाचे काय करायचे याबद्दल नायब तहसीलदारांना वरून हुकूम आला नव्हता. हुकमाशिवाय तो काढता येत नव्हता आणि नुसता ठेवला तर वाईट दिसत होता, म्हणून त्यांनी त्याला आंब्याच्या पानांचे तोरण आणि झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. लग्नातल्या करवलीसारखा तो शेजारी उभा होता. प्रमुख पाहुणे नागपूरचे होते. त्यांनी खादीची टोपी सारखी केली आणि सुरुवात केली, "मध्यप्रांतातील माझ्या बंधूंनो..."

"व वऱ्हाड!"

आवाज मावसाजींचा होता. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर तो असा निघाला की बँडवाल्यांपैकी एकाने चुकून झांज वाजवली. मावशी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, "बरे झाले वाटते."

पाहुणे गोंधळले. कागदाकडे पाहत त्यांनी दुरुस्ती केली, "मध्यप्रांतातील माझ्या बंधूंनो, व वऱ्हाड... वऱ्हाडातील भगिनींनो..." त्यावर वऱ्हाडातले बंधू इतके हसले की पाहुण्यांना उरलेल्या भाषणात कोणालाही संबोधायचे धैर्य झाले नाही. झेंडा वर गेला. लोक खरोखर रडले. मावसाजीही रडले आणि रडू येते म्हणून रागावले. मास्टरसाहेब उर्दू शाळेच्या मुलांना रांगेत घेऊन एका बाजूला उभे होते. रोज्यात आणि काळ्या शेरवानीत. लाडू वाटणारा त्यांच्यापाशी येऊन अडखळला तर मावसाजी इकडून ओरडले, "त्याचा लाडू बाजूले काढून ठेव! सूर्य बुडाल्यावर खाईल तो! इतलं बी कळत नाही काय तुले?"

इथवर सगळे वृत्तान्ताला योग्य होते. मग पानठेल्यावरची तीच मंडळी कुऱ्हाड घेऊन पुढे आली. त्यांचा म्होरक्या, एका जिनिंगवाल्याचा पुतण्या, मोठ्याने म्हणाला की आता या दुसऱ्या खांबाचे काम नाही. "पाडू, अन् ज्याचा त्याले नेऊन देऊ. मास्टरच्या दारात टाकू. ट्रंकीसंगं घेऊन जाईल हैदराबादले!" काही लोक हसले. नायब तहसीलदार दुसरीकडे पाहू लागले. नागपूरच्या पाहुण्यांना मोटारीची आठवण झाली.  मास्टरसाहेबांनी मुलांची रांग वाकडी झाली होती ती सरळ केली.

मावसाजी चिखल तुडवत गेले आणि खांबाला पाठ लावून उभे राहिले. छत्री रोखली.

"हात लावू नका."

पुतण्या थांबला. "वकीलसाब, तुमीच तं म्हनत होते, पाडा म्हून! रोज छत्री मारून राहिले तुमी त्याले!"

"मी मारतो. मले अधिकार हाय. ज्या दिवशी रोवला त्या दिवशी मी अर्ज केला. तू केलता काय बे? तुह्या काकानं केलता? तो तं निशान लागलं त्या दिवशी हार घेऊन आलता अथी!" पुतण्याचा काका लाडवांच्या पाटीमागे गेला. "हा खांब कायद्यानं चूक हाय म्हून मी याले शिव्या देतो. तुमी तं यो खांब पाडूनच नाही राहिले. तुमी मानूस पाडून राहिले. लाज नाही वाटत? आज कोनता दिवस हाय? ज्यानं तुमाले ए बी सी शिकवली, त्याले आजच्या दिवशी इचारता कवा निघतो म्हून? त्याचा बाप बाभुळखेडचा, आजा बाभुळखेडचा. तुहा आजा कुठचा हाय सांगू काय सगळ्याइले?"

पुतण्याने कुऱ्हाड खाली केली. बहुधा आजोबांबद्दल त्याला सगळ्यांइतकेच माहीत होते.

लोकांना वाटले प्रसंग संपला. मावसाजींचा राग मात्र आता कुठे चालायला लागला होता. ते वळले. "काबे मास्टर! तुह्या शाळेत झेंडा लावला का नाही?"

"लावला ना, वकीलसाब."

"कुठं?"

"खिडकीले. शाळेले खांब नाही ना."

"खिडकीले!" मावसाजी म्हणाले. "इतक्या वर्षानं आलेलं स्वातंत्र्य, अन् तू त्याले खिडकीच्या गजाले बांधलं? ओला टॉवेल हाय काय तो?" आणि त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, खांबाला मिठी मारली आणि हलवायला सुरुवात केली. पावसाने माती फुगली होती आणि इतक्या वर्षांच्या छत्रीच्या फटक्यांनी खांब तसाही सैल झाला असावा. नायब तहसीलदार "अहो, हुकूम नाही, हुकूम नाही!" म्हणत आले तोवर खांब तिरपा झाला. मावसाजी धापा टाकत पुतण्याला म्हणाले, "पाहून काय राहिला? मास्टरच्या दारात न्यायचा होता ना? चाल, उचल."

त्याने उचलला. त्याच्या सोबत्यांनीही उचलला. नेण्यासाठीच तर ते आले होते, आणि आता न नेण्याचे कारण कोणाला पटकन सुचले नाही. बँडला कोणी सांगितले माहीत नाही, पण तोही मागे निघाला. तोरण आणि झेंडूच्या माळांसकट खांब भर बाजारातून गेला. एका म्हातारीने त्याला कुंकू लावले. उर्दू शाळेसमोर खड्डा झाला, खांब उभा राहिला आणि खिडकीच्या गजावरचा लहान तिरंगा काढून त्यावर चढवण्यात आला. दोरी मास्टरसाहेबांनी ओढली. त्यांना काही बोलायला सांगितले तर ते म्हणाले, "गळा सुकला हाय. रोजा हाय." नंतर ते जुम्म्याच्या नमाजाला गेले.

दुपारी मावसाजी मला घेऊन कचेरीत गेले. नायब तहसीलदार डोके धरून बसले होते. मावसाजींना समोर पाहून त्यांनी अजिजीने सांगितले की दोन ओळींचा खुलासा लिहून द्या, उत्साहाच्या भरात झाले असे म्हणा, मी विषय संपवतो.

"खुलासा काहून? सरकारी खांब चोरला मी. फिर्याद द्या."

"वकीलसाहेब, कशाला..."

"घ्या कागद. मी सांगतो, तुमी लिहा." आणि त्यांनी स्वतःविरुद्धची फिर्याद कलमासकट सांगितली. ती इतकी चोख होती की नायब तहसीलदार लिहिता लिहिता त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. लिहून झाल्यावर मावसाजी म्हणाले, "आरोपी नंबर दोन राह्यला. चोरीचा माल ज्याच्याकडं सापडला तो. लिहा मास्टरचं नाव." नायब तहसीलदारांनी पेन थांबवले. मीही तोंड उघडले. मावसाजींनी माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि माझ्यावर रोखली, म्हणून मी ते मिटले.

शनिवारी सकाळी दोघांना तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभे करण्यात आले. मास्टरसाहेबांना अजून काय झाले ते कळले नव्हते. जामिनाचा विषय निघाला. सरकारी वकिलाची हरकत नव्हती. तेव्हा आरोपी नंबर एक, जे आरोपी नंबर दोनचे वकीलही होते, उठले आणि म्हणाले की माझी हरकत आहे. आरोपी नंबर दोन याचे सामान दाराशी बांधून ठेवले आहे, त्याची मुलगी परमुलखात आहे, हा इसम फरार होण्याचा दाट संभव आहे. त्याने खटला संपेपर्यंत तालुका सोडू नये असा हुकूम व्हावा. मॅजिस्ट्रेटने चष्मा काढला. आपल्या अशिलाविरुद्ध अशी मागणी करणारा वकील त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी मागणी मान्य केली आणि विचारले, पुरावा आज सुरू करायचा का?

मावसाजी उभेच होते. म्हणाले, "खांब त्या दिवशी सकाळी कोनाचा होता, इंग्रजाचा, निजामाचा का आमचा, हे आधी ठरल्याबिगर चोरी कोनाची झाली हे ठरत नाही. कागद हैदराबादहून, दिल्लीहून अन् लंडनहून मांगवावे लागतील." इथे ते थांबले. मग, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाले, "तारीख मिळावी."

बाररूमच्या दारात उभ्या असलेल्या एका जुन्या वकिलाने भिंतीचा आधार घेतला.

बाहेर आल्यावर मास्टरसाहेबांना सगळे कळले. कोर्टाच्या पायऱ्यांवर, लोकांसमोर, त्यांचा आवाज प्रथमच मावसाजींच्या आवाजाच्या वर गेला. "वकील, तू मले चोर बनवलं? या वयात? ईदच्या तोंडावर?"

"बनवलं."

"मी काय बिघडवलं होतं तुहं?"

"ट्रंक भरली," मावसाजी ओरडले. "इचारलं होतं मले? हैदराबादले जाऊन काय बननार होता तू? जावयाच्या घरचा पाहुना! त्याच्यापेक्षा बाभुळखेडचा चोर काय वाईट हाय?"

मास्टरसाहेब एक पायरी उतरले. मग म्हणाले, "माहा लाडू कुठं हाय? काल सूर्य बुडाला, कोनं देल्ला नाही." लाडू मावसाजींच्या कोटाच्या खिशात होता. तो रुमालात बांधलेला होता आणि पार चुरा झाला होता.

माझ्या वृत्तान्ताबद्दल लिहिले पाहिजे. तो तीन रकाने होता. साप्ताहिकाने त्याचे एक वाक्य केले: 'मध्यप्रांतात सर्वत्र स्वातंत्र्यदिन शांततेत व उत्साहात पार पडला.' कुऱ्हाड, खांब, मास्टरसाहेब, वऱ्हाड, काहीही उरले नाही. जागा नव्हती असे मला सांगण्यात आले. त्याच पानावर केसतेलाची मोठी जाहिरात होती. मावसाजींनी तो अंक परत पाठवला आणि माझ्या आईला निरोप दिला की पेपरवाल्याने पुढल्या वेळी 'व' घेऊन यावे, नाहीतर येऊ नये.

खटला चालला असे म्हणता येत नाही. तो टिकला. दर तारखेला दोघे आरोपी एकाच मोटारीने तालुक्याला जात, मावशीने दिलेला डबा कोर्टाच्या लिंबाखाली खात आणि एकमेकांचे पेपर खोटे पाडत परत येत. मास्टरसाहेबांना कोर्टात जायला शेरवानी लागे. पंधरा ऑगस्टला ट्रंकेतून निघालेली ती परत आत गेली नाही. मग थंडीच्या तारखेला शाल निघाली, मग चांगला जोडा. अशा रीतीने ट्रंक रिकामी झाली आणि मास्टरीणबाईंनी तिच्यात ज्वारी भरली. पुढल्या वर्षी हैदराबादचे राज्यच राहिले नाही, पण तिथून कागद मागवण्याचा अर्ज मावसाजींनी मागे घेतला नाही. कागद येईपर्यंत तारीख मिळावी. कोर्टात शिरताना जुने वकील त्यांना मुद्दाम विचारीत, "काय वकीलसाहेब, आज काय मागणार?" मावसाजी छत्री उगारत, पण शब्द गिळत नसत. पुढच्या दोन्ही पंधरा ऑगस्टला उर्दू शाळेसमोरच्या खांबावर झेंडा चढला. पहिल्या वर्षी मी गेलो होतो. मावसाजींनी वंदन केले, मग जवळ जाऊन खांबाला छत्रीचा एक फटका मारला. सवय होती. मास्टरसाहेब म्हणाले, "वकीलसाब, आता तं तो आपला हाय." मावसाजी म्हणाले, "म्हनून तं हळूच मारला."

एकोणपन्नासच्या थंडीत ते आजारी पडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की रागावू नका. त्यावर ते इतके रागावले की डॉक्टरांनी फी न घेताच मोटार गाठली. डिसेंबरात ते वारले. मावशीने मला सांगितले की शेवटच्या दोन दिवसांत ते गप्प होते आणि मास्टरसाहेब उशाशी बसून त्यांना मराठी पेपर वाचून दाखवीत होते, मुद्दाम चुकीचे उच्चार करून.

पुढची तारीख त्यानंतर काही आठवड्यांनी होती. मी कोर्टात गेलो. मास्टरसाहेब शेरवानीत आले होते. हातात मिटलेली छत्री होती. ती मावशीने त्यांना दिली होती. आरोपी नंबर एक मयत झाल्याची नोंद घेण्यात आली. सरकारी वकिलाने सांगितले की सरकारला आता खटला चालवण्यात स्वारस्य नाही, आजच निकाली निघाला तरी हरकत नाही, आरोपी नंबर दोन यांना मग कुठेही जाण्याची मोकळीक राहील. मॅजिस्ट्रेटने मास्टरसाहेबांना विचारले की आपले काही म्हणणे आहे का.

मास्टरसाहेब उठले आणि त्यांनी तारीख मागितली. कोर्टाने ती दिली.